पंडिता रमाबाई व त्यांची पत्रे

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्यातील शेजारशेजारचे दोन तालुके. शिरूर तालुक्यातील सणसवाडीवरून अहिल्यानगरकडे जाणारा जुना रस्ता जातो, तर दौंड तालुक्यातील केडगावावरून सोलापूरकडे जाणारी आगगाडी धावते. हा सारा प्रदेश बेताच्या पावसाचा, आणि दुष्काळाशी त्याची ओळख जुनी. याच केडगावच्या माळरानावर एका विदुषीने आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे घालविली. तिने येथे विहिरी खणविल्या, शेती पिकविली, छापखाना चालविला आणि शेकडो निराधार मुलींना अन्नाबरोबर अक्षरही दिले. ही विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंच्या कार्याची माहिती पुष्कळांना असते. परंतु त्या कार्यामागील मन कसे घडले, हे जाणून घ्यावयाचे असेल तर त्यांची पत्रे पाहावी लागतात. तरुणपणी इंग्लंडात असताना तेथील एका महिला विद्यालयाच्या प्राचार्यांशी आणि एका धर्मभगिनीशी त्यांनी जो पत्रव्यवहार केला, तो त्यांच्या चरित्रातील एक मोलाचे प्रकरण आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणे हा त्या काळी मोठा अपराध समजला जाई. तरीही अनंतशास्त्र्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. लोकांचा रोष ओढवला, शास्त्रार्थ झाला, पण ते डगमगले नाहीत. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या मुलीस पाठ दिले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव हिंडे. भागवताचे सहस्रावधी श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. पण विद्येने पोट भरतेच असे नाही. दुष्काळाच्या त्या दिवसांत आधी वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. उरले ते रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास. या दोघा भावंडांनी पायी हजारो मैलांचा प्रवास केला. भूक, थंडी आणि आश्रयाचा अभाव यांचा त्या वर्षांत घेतलेला अनुभव रमाबाई कधीही विसरल्या नाहीत.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या तरुणीची अस्खलित संस्कृत वाणी ऐकून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवासांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंचा विवाह बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी झाला. जातीबाहेरचा व प्रांताबाहेरचा हा विवाह पुष्कळांना रुचला नाही. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मास आली. आणि १८८२ च्या आरंभी पटकीच्या रोगाने पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, तान्ह्या मुलीस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. रमाबाईंनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी शिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्रीशिक्षिका हव्यात, शाळा तपासणाऱ्या स्त्रिया हव्यात, आणि स्त्रियांच्या औषधोपचारासाठी स्त्रीडॉक्टर हव्यात, असे त्यांनी आग्रहाने सांगितले. दुसऱ्यांनी डॉक्टर व्हावे असे सांगून त्या थांबल्या नाहीत. आपणच वैद्यक शिकावे, या हेतूने १८८३ मध्ये त्यांनी मनोरमेसह इंग्लंडचा प्रवास केला.

इंग्लंडात वाँटेज या गावी ख्रिस्ती धर्मभगिनींचा एक मठ होता. त्या मठातील भगिनी पुण्यातही काम करीत असत. रमाबाई या मठात राहिल्या. फुकट राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते, म्हणून हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. छोटी मनोरमा या सिस्टरना आजीबाई म्हणू लागली, आणि पुढे पत्रांतूनही हेच मराठी नाव रूढ झाले.

परंतु ज्या कामासाठी रमाबाई आल्या होत्या, त्यात मोठा अडथळा आला. त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते. अशा स्थितीत वैद्यकाचा अभ्यास शक्य नव्हता. दुसरी एखादी स्त्री निराश होऊन परतली असती. रमाबाईंनी मात्र मार्ग बदलला. डॉक्टर होता येत नसेल, तर उत्तम शिक्षिका व्हावे, असे त्यांनी ठरविले. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. तेथे त्या गणित, सृष्टिशास्त्र व इंग्रजी वाङ्मय शिकत, आणि त्याच ठिकाणी संस्कृत शिकवीत. विद्यार्थिनी आणि अध्यापिका अशी दोन्ही नाती एकाच संस्थेशी त्यांनी जोडली.

या विद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची ओळख येथे करून घेतली पाहिजे. त्या वेळी खुद्द इंग्लंडातही स्त्रियांचे उच्च शिक्षण बाल्यावस्थेत होते. १८४८ मध्ये लंडनला क्वीन्स कॉलेज निघाले. बीलबाई तेथे शिकल्या आणि तेथेच गणित शिकवू लागल्या. १८५८ मध्ये, म्हणजे रमाबाईंच्या जन्मवर्षीच, त्या चेल्टनहॅमच्या प्राचार्या झाल्या. त्या वेळी विद्यालयात सुमारे सत्तर मुली होत्या व पैशाची फार ओढाताण होती. मुलींना भूमिती शिकवू लागलो तर पालक घाबरून त्यांना काढून नेतील, हे ओळखून बीलबाईंनी आधी प्राकृतिक भूगोल शिकविण्यास आरंभ केला. त्या निमित्ताने विज्ञानाचा प्रवेश झाला. पुढे केंब्रिजजवळ गर्टन व न्यूनहॅम आणि ऑक्सफर्ड येथे सॉमरव्हिल अशी महिला महाविद्यालये निघाली. मात्र स्त्रियांना पदवी देण्यास ऑक्सफर्डने १९२० साल उजाडू दिले, आणि केंब्रिजने तर १९४८. यावरून त्या काळातील स्त्रीशिक्षणाची वाट किती खडतर होती, हे ध्यानात येईल. हिंदुस्थानात १८८३ मध्ये कलकत्त्याच्या चंद्रमुखी बसू व कादंबिनी बसू या दोघी पदवीधर झाल्या होत्या. पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली ती १८८४ साली, म्हणजे रमाबाई चेल्टनहॅमला गेल्या त्याच वर्षी.

रमाबाई चेल्टनहॅमला आणि सिस्टर जेराल्डीन वाँटेजला, अशी ताटातूट झाल्यामुळे पत्रे लिहिणे क्रमप्राप्तच होते. बीलबाईंशीही रमाबाई लेखी विचारविनिमय करीत. कानाला जे कमी पडले ते त्यांनी लेखणीने भरून काढले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या पत्रांतील विषय कधी लहान दिसतात, पण त्यांत मोठा अर्थ असतो. धर्म बदलला तरी रमाबाईंनी आपला शाकाहार सोडला नाही. हा जुना जातिअभिमान आहे, असे सिस्टर जेराल्डीन यांना वाटे. रमाबाईंनी उत्तर दिले, की श्रद्धा बदलली म्हणून ताटातील पदार्थ बदलावेच लागतात, असा नियम त्यांना मान्य नाही. एकदा गळ्यातील क्रुसावर कोणत्या भाषेत अक्षरे कोरावी, असा प्रश्न निघाला. सिस्टरना लॅटिन हवी होती, रमाबाईंना संस्कृत. आपल्या देशबांधवांना लॅटिन समजत नाही, आणि न समजणाऱ्या भाषेचा अभिमान मिरविण्यापेक्षा आपल्या प्राचीन व सुंदर भाषेतील शब्द धारण करणे बरे, अशी त्यांची भूमिका होती. मनोरमेच्या शिक्षणाविषयीही त्यांचे मत असेच ठाम होते. मुलीने इंग्लंडात वाढावे, चांगले शिकावे. पण ती इंग्रज होऊ नये, ती आपल्या लोकांतील एक व्हावी व तिला आपल्या लोकांविषयी प्रेम वाटावे, अशी त्यांची इच्छा होती.

१८८५ मध्ये मात्र खरा कसोटीचा प्रसंग आला. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात, अशी कल्पना निघाली. बीलबाईंना ती योग्य वाटली. पण मुंबई व लाहोर येथील बिशपांनी तिला विरोध केला. एका हिंदी स्त्रीने पुरुषांना शिकविले, हे कळल्यास स्वदेशात तिचा प्रभाव कायमचा नष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. वाँटेजच्या मठालाही हेच मत पटले. विशेष हे, की या साऱ्या चर्चेत खुद्द रमाबाईंचे मत विचारण्याची आवश्यकता फारशी कोणास वाटली नव्हती.

रमाबाईंची स्थिती किती नाजूक होती, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या परक्या देशात होत्या. जवळ पैसा नव्हता. निवारा, मुलीचे संगोपन व शिक्षणाची सोय या सर्व गोष्टी याच मंडळींच्या कृपेवर अवलंबून होत्या. गप्प बसणे सोयीचे होते. तरीही त्यांनी बीलबाईंना व सिस्टर जेराल्डीन यांना आपले मन स्पष्टपणे लिहून कळविले. आपल्या आईने तरुणांना शिकविले, तेव्हा वडिलांनी हरकत घेतली नाही. आपण स्वतः शिकविले, तेव्हा पतीने हरकत घेतली नाही. मग काही इंग्रज मंडळींनी ती घ्यावी, याचे त्यांनी आश्चर्य व्यक्त केले. स्वदेशात आपण पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिली आहेत, याचीही त्यांनी आठवण दिली. आपल्याला मन आहे, विवेक आहे आणि निर्णयशक्ती आहे. मोठ्या कष्टाने पुरोहितवर्गाचे एक जोखड आपण मानेवरून उतरविले, आता तसलेच दुसरे जोखड आपण घेणार नाही, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. त्यांनी उपकारांचा विसर पडू दिला नाही, पण उपकारांच्या मोबदल्यात विचारस्वातंत्र्य मात्र दिले नाही.

सिस्टर जेराल्डीन यांना या भाषेने दुःख झाले. त्यांची माया खरी होती, पण मायेत आज्ञापालनाची अपेक्षा होती. रमाबाईंच्या स्पष्टोक्तीत त्यांना गर्व दिसला. बीलबाईंनी मात्र निराळी दृष्टी ठेवली. त्यांनी बिशपांकडे व वाँटेजकडे रमाबाईंची बाजू मांडली. धर्मतत्त्वांविषयी रमाबाईंच्या मनात ज्या शंका येत, त्यांचीही बीलबाई सविस्तर लेखी उत्तरे देत. रमाबाईंची बुद्धी तत्त्वज्ञानाच्या अंगाने विचार करणारी आहे, तेव्हा त्यांच्या शंका दडपून न टाकता त्यांना स्वतः विचार करू द्यावा, असे त्यांचे मत होते. प्रत्येक बाबतीत दोघींचे एकमत झाले असे नाही. पण शिष्येचा मतभेद हा अपमान न मानता तिच्या विचाराचा भाग मानणारी शिक्षिका रमाबाईंना येथे भेटली. चांगले विद्यालय म्हणजे काय, याचा हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. तो पत्रांच्या पानांवर होता.

याच सुमारास दुसऱ्या एका महिला महाविद्यालयाकडून पत्र आले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय होते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी तेथे डॉक्टर होत होत्या. आनंदीबाईंचे तेथे जाणेही एका पत्रमैत्रीमुळेच शक्य झाले होते; न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी एका नियतकालिकात त्यांची हकीकत वाचून त्यांना पत्र लिहिले होते. आनंदीबाई या रमाबाईंच्या दूरच्या नात्यातील. महाविद्यालयाच्या प्रमुख डॉक्टर रेचेल बॉडले यांनी पदवीदानास येण्याचे निमंत्रण रमाबाईंना धाडले. रमाबाई गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा तो सोहळा पाहण्यास त्या उपस्थित होत्या. स्वतः पाहिलेले, पण अपुरे राहिलेले स्वप्न दुसरीच्या रूपाने साकार होताना त्यांनी पाहिले. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी आनंदीबाईंचे निधन झाले.

अमेरिकेत थोडे दिवस राहण्यासाठी गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. त्यांनी बालशिक्षणाच्या नव्या पद्धतीचा अभ्यास केला, अनेक शहरांत व्याख्याने दिली, आणि हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर १८८७ मध्ये एक इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याची प्रस्तावना डॉक्टर बॉडले यांनी लिहिली. त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे तिने मान्य केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदनाची स्थापना झाली. आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. येथील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. याच गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे या नावाने महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. अशा रीतीने शारदासदनाच्या एका विद्यार्थिनीचे नाते महाराष्ट्रातील स्त्रियांच्या विद्यापीठाशी जुळले.

१८९० मध्ये शारदासदन पुण्यास आले. पण लवकरच वादळ उठले. सदनात कोणत्याही धर्माचा आग्रह नसावा, असे ठरले होते. काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात, असे आढळल्यावर पुण्याच्या समाजात क्षोभ झाला. विश्वासाचा भंग झाला, असे एका बाजूस वाटले. आपण कोणावर सक्ती केली नाही, मात्र आपल्या प्रार्थनेचे दारही कोणास बंद केले नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्यातील जिव्हाळ्याची माणसे दुरावली. तरी रमाबाईंनी शाळा बंद केली नाही.

बोस्टनचे साहाय्य कायमचे नव्हते. संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे, म्हणून केडगावजवळ जमीन घेण्यात आली. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील भुकेल्या मुलींची वार्ता ऐकताच रमाबाईंना आपले आईबाप व बहीण आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना केडगावी घेऊन आल्या. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, ही संख्या दीड हजारांच्या घरात गेली. येथे मुली वाचावयास शिकत, शेतात राबत, मागावर कापड विणत, घाण्यावर तेल काढीत आणि छापखान्यात खिळे जुळवीत. अंध मुलींनाही शिकविले जाई. कन्या मनोरमा शिकून परतली व आईच्या कामात तिने स्वतःस वाहून घेतले. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि ते केडगावच्या छापखान्यातच छापले गेले. ज्या स्त्रीला आईच्या तोंडून संस्कृत शिकण्यासाठी रानाचा आश्रय घ्यावा लागला होता, तिच्या आश्रमातील स्त्रियांच्या हातून आता ग्रंथ निघू लागले.

१९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. हा घाव सोसून रमाबाई काम करीतच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपालतिकीट काढले. आयुष्यभर पत्रे लिहिणाऱ्या स्त्रीचे चित्र अशा रीतीने पत्रांवरच विराजमान झाले.

रमाबाईंची पत्रे आज आपणास वाचावयास मिळतात, याचे श्रेय मात्र ज्यांच्याशी त्यांचे सर्वाधिक मतभेद झाले, त्या सिस्टर जेराल्डीन यांना आहे. मन दुखविणारी पत्रेही त्यांनी फाडून टाकली नाहीत. ती जपली, संकलित केली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. एका मराठी मुलीने आजीबाई म्हटलेल्या त्या स्त्रीच्या प्रेमाची ही खूण मानली पाहिजे.

ज्ञान देणाऱ्याचा आदर करावा, उपकार करणाऱ्याचे ऋण मानावे, पण आपला विवेक कोणाकडेही गहाण ठेवू नये, हे रमाबाईंच्या पत्रांचे सार आहे. मतभेद नम्रपणे व निर्भयपणे मांडता येतो, आणि त्यानंतरही स्नेह टिकविता येतो, हे या तिघी स्त्रियांनी आपल्या लेखणीने दाखवून दिले. केडगावच्या माळावर रमाबाईंनी मुलींच्या हाती पाटी-पेन्सिल दिली, तेव्हा त्या पाटीबरोबर त्यांनी हाच वारसा दिला.